‘विथ प्लेजर’ आणि हौदामागचा ओटा

मला माझ्या मेव्हण्याने फसवले. कापूस बाजाराच्या फाटकाजवळचा, कोपऱ्यावरचा ओटा त्याने माझ्या हातून घालवला, आणि तोही मला इंग्रजी शिकवून.

वर्ध्याच्या त्या बाजारात मी जमिनीवर गोणपाट अंथरून बैलांचे कासरे, दोर, वेसणी विकत वर आलो. पाठीशी कोणी नव्हते. जीभ तेवढी होती, आणि ती तापट आहे असे लोक म्हणतात. म्हणोत. पुढे बाजारात पक्के ओटे बांधले गेले आणि ते वाटायला मद्रासकडचे एक साहेब आले. फाटकातून आत येणारी प्रत्येक बैलगाडी त्या कोपऱ्यावरच वळायची. दोर विकणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

मेव्हणा शाळेत इंग्रजी शिकवायचा. साहेबांशी त्यांच्याच भाषेत बोलले की काम होते, असे त्याचे मत. आमच्या घरी, आपल्या बहिणीच्या म्हणजे माझ्या बायकोच्या हातचा गोळाभात खाता खाता त्याने माझा वर्ग घेतला.

“साहेबानं काई देतो म्हनलं का म्या काय म्हनू?” मी विचारले. “ऑल राइट?”

“छे छे, भाऊजी! ते टांगेवाल्याला म्हणतात.”

“व्हेरी वेल?”

“त्यात उपकार केल्यासारखं वाटते.”

“मंग आय ॲग्री?”

“तुमचा काय वाद चालू आहे का साहेबाशी? ‘विथ प्लेजर’ म्हणा. जरासं वाकून. साहेब खूश होऊन जाईल.”

“आन् ‘पाहू’ले काय म्हन्तेत?”

“सभ्य माणूस ‘पाहू’ म्हणत नाही, भाऊजी.”

चुलीपाशी बायको हसली. “मंग याईले इंग्रजी येनंच नाई!”

मी रात्रंदिवस ‘विथ प्लेजर’ घोकले. दोर वळताना, आंघोळ करताना, गिऱ्हाइकाशी भांडून झाल्यावरसुद्धा.

साहेबांनी मला बोलावले, बैलांच्या पाण्याच्या हौदामागचा, आडबाजूचा ओटा दाखवला आणि इंग्रजीत विचारले, हा चालेल का? माझ्या तोंडात ‘पाहू’ आलेच होते. ते मी गिळले, वाकलो आणि खणखणीत म्हणालो, “विथ प्लेजर, सर!”

साहेब इतके खूश झाले की त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. आणि कागदावर सही करून टाकली.

माझ्या मागे फुटाणेवाला उभा होता. त्यालाही आधी मागच्याच बाजूचा दुसरा एक ओटा दाखवला. त्याने कान खाजवला आणि तोंड कडू करून तो म्हणाला, “देखेंगे साहब. घर में पूछना पडेगा.” एवढे बोलून तो चालू लागला. साहेबांनी त्याला हाक मारली. दोन वेळा तो गेला, दोन वेळा परत आला आणि कोपरा घेऊन घरी गेला.

आमच्या बाजारात पहिला शब्द म्हणजे नुसता घसा साफ करणे. खरी बोलणी पाठ फिरवल्यावर सुरू होतात. मद्रासकडच्या साहेबालाही हे कळले होते. जन्मभर पहिल्याच भावात वांगी घेणाऱ्या माझ्या मेव्हण्याला तेवढे कळले नाही.

संध्याकाळी मी तावातावाने त्याच्या घरी गेलो. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने विचारले काय, तर, “पण ‘प्लेजर’ नीट म्हटलं ना?”

तेव्हापासून बैल पाणी पितात आणि मान झटकतात ती माझ्या मालावर. पलीकडे फुटाणेवाला गाड्यांना हात करतो आणि मला पाहून मुद्दाम वाकतो.

तेव्हा मास्तर, येत्या भाऊबीजेला तुमच्या बहिणीने ताट हातात घेण्याआधी पाटावर बसून सांगा. ‘पाहू’ला इंग्रजीत सभ्य शब्द आहे की नाही? आणि असेल, तर गोळाभात तीनदा वाढून घेतला तेव्हा तो मले काऊन नाई सांगितला?