शिक्षण या रकान्यात

माझं लग्न ठरताना माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, एकच खोटं सांगितलं. मुलगी सातवी पास आहे म्हणाले. मी चौथी शिकले होते. अळणावरजवळच्या आमच्या खेड्यात मराठी शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची शाळा दुसऱ्या गावात, तीही कानडी, आणि तिकडं मुलींना चालत पाठवायची कुणाच्या घरी रीत नव्हती. मुलगा धारवाडला सरकारी कचेरीत कारकून होता. त्या लोकांचं मागणं फार नव्हतं. मुलगी निदान सातवी हवी, एवढंच. मी आतल्या खोलीत नव्या लुगड्याच्या निऱ्या धरून बसले होते. अप्पा म्हणाले, "सातवी झालीय की हो," आणि खाली बघून तंबाखू मळायला लागले. दाखला कुणी मागितला नाही.

मी वाचत असे. किराणा बांधून आलेला कागद सोडून, सरळ करून वाचायची. त्यामुळं चौथी आणि सातवीतला फरक सासरी कुणाला दिसला नाही. मला मात्र तो रोज दिसायचा. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. म्हणजे सातवी झालेल्या बाईला इंग्रजी अक्षरं तरी यायला हवीत. मला एकही येत नव्हतं. औषधाच्या बाटल्या मी रंगावरून ओळखत असे. कुणी इंग्रजीतलं काही पुढं केलं की माझा चष्मा सापडत नसे. पुढं खरोखरच चष्मा लागला, तेव्हा हे जास्त सोपं झालं.

नव्वदच्या पुढं कधीतरी, मुलगा शाळेत असताना, आमच्या भागात अंगणवाडीसाठी बाई घेणार होते. यांनी कचेरीतून अर्ज आणला.

"मराठी, कानडी दोन्ही येतं तुला. सातवीचा दाखला तेवढा गावाहून मागवून घे," हे म्हणाले.

मी म्हटलं, "मला नको नोकरी."

"का नको?"

"लोकांसमोर मला बोलता येत नाही."

"लोक कुठले? चार-चार वर्षांची पोरं असतात."

अर्जाची मुदत संपेपर्यंत हे रोज बोलत राहिले. मुखदुर्बळ म्हणाले, आळशी म्हणाले, हट्टी तर शंभरदा म्हणाले. कचेरीतल्या मित्रांनाही सांगून आले की सरकारी नोकरी चालत घरी आली तरी आमची बायको हट्टानं बसून आहे. मी ऐकून घेतलं. लाजरेपणा खोटा नव्हता. पण खरं कारण दाखला होता.

मग घरात बसून होईल असं काहीतरी करायचं म्हणून मी ज्वारीच्या कडक भाकऱ्या करायला घेतल्या. कानडी लोक त्याला रोट्टी म्हणतात. पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मंद आचेवर पार वाळवायची. महिना महिना टिकते. सुभाष रोडवरच्या एका दुकानदाराला मी दहा दिल्या. त्यांनी एक कानाशी धरून मोडली आणि म्हणाले, "अक्का, हिला आवाज आहे बघा." तेव्हापासून पंधरा-सोळा वर्षं त्या दुकानात माझ्याच भाकऱ्या जात होत्या. दुकानात मी स्वतः फारशी जात नसे. बोलावं लागतं म्हणून.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास मुलाचं लग्न झालं. सून शिकलेली, हुबळीला खाद्यपदार्थांच्या एका कंपनीत कामाला. रोज सकाळी डबा घेऊन बस धरायची, संध्याकाळी वाटेत नवनगरला गाडी अडकली की उशीर. घरात कॉम्प्युटर आला तो तिच्यामुळंच. नोकरी-धंद्यातल्या लोकांनी एकमेकांना ओळखावं, अशी कसली तरी वेबसाईट होती, त्यावर ती होती. तिथं कुणीही आपल्या कामातला प्रश्न विचारायचा आणि ज्याला माहीत असेल त्यानं उत्तर द्यायचं. विचारणाऱ्याला जे उत्तर उत्तम वाटेल ते तो निवडायचा.

एका रविवारी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आमच्याकडं सुना सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात.

"आत्या, एकांनी विचारलंय. कारखान्यात ज्वारीच्या कडक भाकऱ्या करतात. पाकिटात भरल्यावर चार दिवसांत मऊ पडतात आणि कडा तुटतात. मशीन बदलू का म्हणतायत."

मी थापता थापता म्हटलं, "मशीन कशाला? गरम भरत असतील."

"गार करूनच भरतात, तसं लिहिलंय."

"आडव्या रचून गार करत असतील. वरची गार लागते, मधल्या गरमच असतात. ती वाफ पाकिटात जाते. ताटं लावतो तशा उभ्या करून ठेवायला सांग. आणि कडा तुटतात म्हणजे पीठ जुनं. दळून आठ-दहा दिवस झाले की ज्वारीच्या पिठाची विरी जाते. चिकटपणा गेला की भाकरी कडेला तुटणारच."

तिनं ते इंग्रजीत लिहून टाकलं. पुढच्या आठवड्यात नाचतच घरी आली. त्या माणसानं तेच उत्तर निवडलं होतं. मला आनंद झाला, पण मी म्हटलं, "माझं नाव नाही ना घातलंस?"

"नाही. पण मला बरोबर वाटत नाही, आत्या. उत्तर तुमचं आणि शाबासकी मला."

"मला नको ती. तूच घे."

दुसऱ्या उत्तरापासून ती लिहायला लागली, माझ्या सासूबाई पंधरा वर्षं हे काम करतात, त्या असं सांगतात. प्रश्न येत राहिले. नाचणीला विरी नसते तर काय करावं, पीठ कडू का होतं, किती मिनिटं भाजावं. या शेवटच्या प्रश्नानं आम्ही दोघी हैराण झालो.

"वास बदलेपर्यंत," मी म्हटलं.

"वास म्हणजे किती मिनिटं?"

"मिनिटं मला काय माहीत? कच्च्या पिठाचा वास जातो आणि लाह्यांचा येतो."

ती घड्याळ काढून चुलीशी बसली. मी "आता" म्हटलं की ती आकडा मांडायची. दहा भाकऱ्यांचे दहा वेगवेगळे आकडे आले. "ही थोडी जाड होती," "आता आच कमी झालीय," अशी मी प्रत्येकीची वकिली करत होते. शेवटी तिनं वासच लिहिला. तेही उत्तर निवडलं गेलं.

असं करता करता वेबसाईटनं तिच्या नावाशेजारी एक छोटी चांदणी लावली. या विषयातला जाणकार माणूस, असा तिचा अर्थ. सुनेनं पडदा माझ्याकडं वळवला. "वाचा आत्या, तुमचं कौतुक." मी चष्मा वर-खाली करत पडद्याकडं बघून मान हलवली. चांदणी दिसली. बाकीची अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या होत्या. हे वर्तमानपत्रातून बघत होते, आणि आता मलाच मोठ्यानं वाचायला लावतील या भीतीनं मी दूध ऊतू जातंय म्हणून आत गेले. दूध गॅसवर नव्हतंच.

मग पहिला प्रश्न ज्यांनी विचारला होता, त्या कारखानदारांनी सुनेला लिहिलं. त्यांच्याकडं तीसेक बायका कामाला होत्या, त्यांना शिकवायचं होतं. आता हे बाईंकडूनच ऐकायचं आहे, म्हणाले. त्यांचं नाव द्या, त्यांचं खातं असू द्या, मी त्यांनाच विचारेन.

सून हट्टाला पेटली. "ही चांदणी माझी नाही, आत्या. कंपनीत साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, मला मान वर करता येईना. तुमचं खातं काढू या. टाईप मी करते, बोला तुम्ही."

लोकांसमोर जायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, नुसतं स्वयंपाकघरातून बोलायचं. मला यात भिण्यासारखं काही दिसलं नाही. मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी ती कॉम्प्युटरवर बसली. मुलगा परगावी होता. हे खुर्चीत कानडी पेपर वाचत होते. मी मागं उभी. तिनं माझं नाव लिहिलं. काम काय, ते लिहिलं. किती वर्षं, ते लिहिलं. मला मजा वाटायला लागली होती.

"आता शिक्षण," ती म्हणाली. "सातवी ना आत्या? मामांनी सांगितलंय मला." आणि तिची बोटं हलायला लागली.

तिथं जे जे मी आजवर सांगितलं होतं ते खरं होतं. पीठ, आच, वाफ, सगळं हातानं करून बघितलेलं. कुठलीशी माणसं त्यावर विश्वास ठेवून तीस बायकांना तसं करायला लावणार होती. आणि त्याच पानावर माझ्या नावाखाली अप्पांचं खोटं बसणार. मी ते कधी स्वतःच्या तोंडानं उच्चारलं नव्हतं, नुसतं नाकारलं नव्हतं. आता "हो" म्हटलं की ते माझं होणार होतं.

"थांब," मी म्हटलं. "चौथी लिही."

"काय?"

"चौथी."

पेपर खाली आला. "कुणाची चौथी?" यांनी विचारलं.

"माझी."

"आणि सातवी?"

"ती अप्पांनी सांगितली होती. लग्न ठरावं म्हणून."

सून पडद्याकडं बघत बसली. यांनी पेपरची घडी घातली, परत उलगडली, परत घातली.

"म्हणजे अंगणवाडीचा तो अर्ज..."

"दाखला मी कुठून आणणार होते?"

"तीस वर्षांत मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

रोज वाटायचं. पण ते मी म्हणायच्या आत यांनी चपला घातल्या आणि बाहेर गेले.

मी चूल पेटवली आणि पहिल्या तीन भाकऱ्या करपवल्या. मनात काय काय येत होतं. अप्पा कधीच वारले होते, त्यांना आता हे शिव्या देतील. सुनेसमोर मी खोटी ठरले. सून आत आली, माझ्याशेजारी पाटावर बसली आणि म्हणाली, "म्हणून तुमचा चष्मा सापडत नव्हता होय?" मला रडू आलं आणि हसूही आलं. तिला सगळं कळून चुकलं होतं. मला तिच्यापासून आता काही लपवायचं उरलं नव्हतं.

तासाभरानं हे आले. कुठं गेले होते ते बोलले नाहीत. बाहेरूनच सुनेला हाक मारली.

"काय गं, लिहिलंस का?"

"नाही मामा. आत्या म्हणाल्या राहू दे."

"लिही. चौथी लिही. माझ्या कचेरीतले बरेच जण अजून जिवंत आहेत, त्यांना मी आता सांगत फिरतो, आमची बायको हट्टी नव्हती म्हणून."

मग माझ्याकडं वळले. आवाज उतरला होता. "त्या अर्जापायी मी तुला बरंच बोललो होतो."

"हो."

"आठवतं तुला?"

"सगळं."

"सगळं?"

"कुठल्या दिवशी काय बोललात, तेसुद्धा."

हे माझ्याकडं बघत राहिले आणि मग हसायलाच लागले. "हिला चौथीत कुणी थांबवली? वकील करायला पाहिजे होती. धारवाडात वकील काय कमी आहेत, त्यात एक जास्त झाला असता, एवढंच." हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मी त्यांना पाणी दिलं. छातीवरून कुणीतरी वरवंटा उचलून नेल्यासारखं वाटलं मला.

खातं झालं. शिक्षण चौथी, असं इंग्रजीत. ते कुठं लिहिलंय ते मी सुनेला बोट ठेवून दाखवायला लावलं. कारखानदार आता काय म्हणतात, या धास्तीत माझे दोन दिवस गेले. चौथी बघून ते गप्प बसतील, अशी माझी खात्री होती. त्यांचं पत्र आलं ते भलं लांब होतं. त्यात शाळेबद्दल एक अक्षर नव्हतं. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा भाकऱ्या उभ्या ठेवूनही मऊ पडतात, तुम्ही काय करता, असं विचारलं होतं. मी सांगितलं, पावसाळ्यात मी चुलीशेजारीच रचते आणि कमी करते. बाहेर पाऊस असताना जास्त करायचा हट्ट धरू नका. त्यांनी ते निवडलं. पुढं कितीतरी जणांनी विचारलं. काही महिन्यांनी माझ्या स्वतःच्या नावाशेजारी चांदणी आली. सुनेनं कंपनीतून फोन करून सांगितलं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर एकटीच ओट्याला टेकून थोडा वेळ उभी राहिले.

त्यानंतर वर्षभरात रेशनकार्डासाठी एक मास्तर घरोघरी माहिती लिहून घ्यायला आले. मोठी वही घेऊन पडवीत बसले. हे एकेकाचं नाव, वय, शिक्षण सांगत होते. माझं नाव आलं. हे थांबले आणि माझ्याकडं बघितलं. पूर्वी अशा वेळी मी आत निघून जायची आणि हे सातवी सांगून मोकळे व्हायचे. मी दारात होते, तिथंच राहिले.

"चौथी," मी म्हटलं.

मास्तरांनी लिहिलं आणि पुढचं नाव विचारलं.