ब्रिजित सिस्टरची किळस

"अडचण कसली? नळाला पाणी आलं नाही का?"

समोर बसलेली बाई खालच्या आवाजात "सिस्टर, मला अडचण आहे" म्हणाली की ब्रिजित सिस्टर हे हमखास विचारायच्या, आणि तेही बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. मग बाई मान खाली घालून "डेट" म्हणायची, नाहीतर "बाजूला बसलेय" म्हणायची. सिस्टर पेन खाली ठेवून वाट बघायच्या. शेवटी "पाळी" हा शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला की पेन उचलायच्या. "हां. आता लिहिते."

नालासोपारा पूर्वेच्या एका छोट्या आरोग्य केंद्रात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. अर्नाळ्याकडच्या एका गावातलं त्यांचं ख्रिस्ती कुटुंब. घरच्या वाडीतली केळी पिशवीत घालून आणायच्या आणि जिचे ओठ पांढरे दिसतील तिच्या हातात एक ठेवायच्या. रक्त, पू, ओकारी, कशाचीच त्यांना घाण वाटत नसे. एकदा गळू साफ करताना मी तोंड फिरवलं, तर म्हणाल्या, "बाय, ही घाण नाही, हा आजार आहे. घाण तुला दाखवीन कधीतरी."

ती त्यांनी मला रेश्माच्या घरी दाखवली.

रेश्मा चोवीस-पंचवीस वर्षांची, दोन मुलींची आई. धाकटी दीड वर्षाची. इतक्यात तिसरं मूल नको म्हणून ती दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन घ्यायला आली. सिस्टर त्या दिवशी रजेवर होत्या आणि रांग दारापर्यंत गेली होती. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं, मी इंजेक्शन टोचलं, कार्डावर पुढची तारीख घातली आणि रजिस्टरमध्ये 'समुपदेशन केले' या रकान्यात खूण केली. समुपदेशन मी केलं नव्हतं. "पाळी थोडी पुढेमागे होईल" एवढंच पुटपुटले होते.

दीड महिन्याने ती आली ती दाराच्या चौकटीला धरून. "सिस्टर, थांबतच नाही. थोडं थोडंच जातं, पण रोज. आज बाविसावा दिवस."

डॉक्टरांनी तिला तपासलं. दिवस गेलेले नव्हते, बाकी काही बिघाड नव्हता, पण हिमोग्लोबिन फार खाली गेलं होतं. औषध लिहून झाल्यावर ब्रिजित सिस्टर तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "या इंजेक्शनात हार्मोन असतं. पहिले काही महिने असं अधूनमधून रक्त जातं, कधी लांबतं. पुढे पाळी कमी होत जाते, पुष्कळ जणींची बंदच होते. बंद झाली म्हणजे रक्त आत साठतंय असं समजू नकोस. गर्भपिशवीचं अस्तर जाडच होत नाही, मग पडणार काय? इंजेक्शन सोडलं की काही महिन्यांनी पाळी परत येते. फार जास्त जायला लागलं तर ताबडतोब ये. आणि हे नको असेल तर दुसरे उपाय आहेत."

"हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी विचार तरी केला असता," रेश्मा म्हणाली.

सिस्टरनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रेश्माला विचारलं, "जेवतेस काय तू? अंगात काही उरलं नाही तुझ्या."

"बाहेर देतील ते. मी बाजूला आहे ना."

"बावीस दिवस?"

"थांबेपर्यंत कशाला शिवायचं नाही म्हणतात सासूबाई."

सिस्टर उठल्या, रेश्माला हाताला धरून उभं केलं. मला म्हणाल्या, "चप्पल घाल."

तुळिंजच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर रेश्माचं घर. एक खोली आणि स्वयंपाकघर, आरशासारखं लख्ख. रेश्माची जागा गॅलरीत होती. अर्धी गॅलरी वॉशिंग मशीनने अडवलेली. उरलेल्या जागेत चटई, पाण्याची बाटली, आणि एका ताटलीत वाळलेला भात, त्यावर मुंग्या. ग्रीलवर, कठड्यावर, चटईच्या कडेवर कबुतरांची शीट साचलेली. जाळीच्या दाराच्या आतल्या बाजूला धाकटी पोर उभी राहून जाळीला नाक लावून रडत होती. आईला हात लावायची तिला बंदी होती. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

सासूबाई नीटनेटक्या, बोलायला मऊ. "सिस्टर, आमच्या घरात देव आहेत हो. तुमच्यात चालत असेल." नवरा सोफ्यावर होता. "आईला दुखवता येत नाही ओ," असं तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला.

सिस्टर गॅलरीत गेल्या आणि त्या चटईवर रेश्माशेजारी मांडी घालून बसल्या. "प्यायला पाणी द्या मला."

"आत येऊन बसा, देते."

"मी हिला शिवलेय. आता मी इथेच बसणार."

मग रेश्माच उठली. उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेली, मांडणीवरचा पेला घेतला, माठात बुडवला आणि सिस्टरच्या हातात आणून दिला. सासूबाईंनी माठ उचलला आणि मोरीत उपडा केला. दिवसाआड पाणी येणाऱ्या इमारतीत भरलेला माठ. सिस्टर तो आवाज ऐकत सावकाश पाणी प्यायल्या. रिकामा पेला पुढे करून म्हणाल्या, "अजून एक आण."

रेश्माने कळशीतून दुसरा पेला भरून आणला. उघड्या दारातून पोर बाहेर आली आणि तिच्या पायांना चिकटली. तिला कुणी सोडवलं नाही.

जिना उतरताना मी म्हणाले, "सिस्टर, रजिस्टरमध्ये खूण मी केली होती."

"माहीत आहे. सासूने तिला बाहेर बसवलं. पण हे रक्त कशाचं, ते तिला माहीत असतं तर ती पहिल्या आठवड्यात आपल्याकडे आली असती. उरलेले पंधरा दिवस तुझे."

त्या दिवशी मी डबा उघडला नाही. सासूबाईंची किळस येत होतीच, पण स्वतःचीही येत होती.

रेश्माने पुढचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने घेतलं. रक्तस्राव थांबला, ती घरात झोपू लागली, आणि तिसऱ्या इंजेक्शननंतर पाळी बंद झाली. आम्हाला वाटलं, संपलं.

मग एके दिवशी सकाळी सासूबाई हसत हसत आल्या. बरोबर पूनम, धाकटी सून, लग्नाला चार महिने झालेली. "हिलाही तेच द्या. रेश्माचं कसं छान झालं, घरात विटाळच नाही. गणपती जवळ आलेत."

सिस्टरनी पूनमला विचारलं, "मूल कधी हवंय तुला?"

"लवकर. हे पण तेच म्हणतात."

"आणि हे इंजेक्शन कशाचं आहे?"

"ताकदीचं. आई म्हणाल्या."

सिस्टरचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. कुजलेल्या जखमेवरही त्यांचं नाक कधी मुरडलं नव्हतं. त्या सासूबाईंना म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

"मी सासू आहे तिची."

"म्हणूनच."

दार लावून त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि मला खुणेने म्हणाल्या, तू सांग. मी पूनमला सगळं सांगितलं. काय असतं, पाळीचं काय होतं, किती दिवस मूल राहत नाही. दोनदा सांगितलं. ती इंजेक्शन न घेता गेली. सासूबाई तिच्यामागून पायऱ्या उतरताना तिला बोलत होत्या, ते ऐकू येत होतं.

सिस्टर बेसिनवर गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागल्या. त्यांनी कुणाला हात लावला नव्हता. मी विचारलं, "सिस्टर, इतकी वर्षं हेच बघताय. सवय कशी नाही झाली?"

त्या हात पुसत म्हणाल्या, "सवय झाली की मी ही नोकरी सोडणार. तूही सोड."

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. आता त्यांच्या खुर्चीत मी बसते. परवा एक माणूस बायकोला घेऊन आला. तिला तोंड उघडू न देता त्यानेच विचारलं, "इंजेक्शनने पाळी बंद झाली तर मग ही बाई कसली उरली?" मला त्याची किळस आली. अजून सवय झाली नव्हती, याचं त्या क्षणी मला फार बरं वाटलं. मी त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावलं.