मनाईचं मूळ

आमच्या घराला लोणचं लाभत नाही.

म्हणजे खायला लाभतं. ताटात असलं की मी दोन पोळ्या जास्त खातो. पण आमच्या घरात, आमच्या हातानं घातलेलं कैरीचं लोणचं लाभत नाही. घातलं की काहीतरी विपरीत घडतं! असं मला माझ्या आईनं सांगितलं, आईला तिच्या सासूनं सांगितलं, आणि सासूला कोणी सांगितलं हे विचारायची आमच्या घरात कोणाची छाती झाली नाही.

पुरावेही भरपूर होते. एकदा काकांनी हौसेनं चार कैऱ्या चिरल्या, तर त्याच आठवड्यात त्यांची बदली झाली. (दोन वर्षं ते बदलीसाठीच अर्ज करत होते, पण ते कोणी लक्षात घेतलं नाही.) लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या बायकोनं, सुमननं, अजाणता कैऱ्या धुवायला घेतल्या आणि माझी आई न्हाणीत घसरली. (घसरली आदल्या दिवशी. पण सूनबाईंच्या मनात कैऱ्या आदल्या दिवशीच आल्या असणार, असा आईचा युक्तिवाद होता.) धुतलेल्या कैऱ्या शेजारीपाजारी वाटून टाकल्या आणि प्रकरण मिटलं.

मिटलं असं मला वाटलं. सुमनचं मिटलं नव्हतं.

तिचं माहेर मुदखेडचं. तिच्या आईच्या हातचं लोणचं खायला लोक आगगाडी बदलायच्या निमित्तानं घरी उतरायचे. त्या माउलीनं लेकीला लग्नात एक चिनीमातीची मोठी बरणी दिली. पांढरी, वर चॉकलेटी झाकण. आमच्याकडे त्या बरणीत गेली छत्तीस वर्षं लाईटची बिलं ठेवलेली आहेत. दर उन्हाळ्यात सुमन ती बिलं बाहेर काढायची, बरणी घासायची, उन्हात वाळवायची, आत नाक घालून वास घ्यायची आणि बिलं पुन्हा आत ठेवायची. मी ते बघायचो आणि पेपर उघडायचो.

लोणच्यावाचून मात्र आमचं अडलं नाही. शेजारच्या झुबेदाभाभी दरवर्षी त्यांच्याबरोबर आमचंही लोणचं घालायच्या. मसाला सुमन सांगायची, हात भाभींचा. भिंतीच्या अलीकडून सुमन ओरडायची, "भाभी, मेथी जरा कमी!" आणि पलीकडून भाभी ओरडायच्या, "डाल दी ना बाबा, अब क्या निकालूँ?"

यंदा मे महिन्यात भाभींनी बॉम्ब टाकला.

"हम हैदराबाद जा रए, भाई. बेटे के पास. अब अचार तुम घर में डालो."

"आमच्यात मनाई आहे ना भाभी," मी म्हणालो.

"मना? कायकू मना?"

"कायकू ते माहीत नाही."

"अरे, इत्ते बड़े मास्टर! पूरे लातूर को लफ़्ज़ के माने बताते फिरते, और अपने घर का मना मालूम नईं?"

हे मात्र जिव्हारी लागलं. कारण त्याच आठवड्यात मी 'मनाई' या शब्दावर लेख लिहून राहिलो होतो! मी निवृत्त मराठी शिक्षक. माझे जुने विद्यार्थी एक मासिक काढतात, त्यात मी शब्दांची मुळं सांगतो. वाचक किती ते विचारू नका, पण मुळं भरपूर आहेत.

लेख रंगात आला होता. 'मनाई' हा शब्द मूळचा अरबी 'मना'. फारसीच्या खांद्यावर बसून आपल्याकडे आला आणि निजामाच्या कचेऱ्यांत असा रुळला, की निजाम गेला तरी मनाई गेली नाही. 'बंदी' फारसी. ती दारूवर येते, उसाच्या ट्रॅक्टरवर येते आणि कैद्यालाही बंदीच म्हणतात. 'निषेध' संस्कृत. पूर्वी त्याचा अर्थ 'करू नका' असा होता, आता तो काळ्या फिती लावून करतात. 'मज्जाव' हा तर म्हणे 'मत जाव'मधून निघाला, असं काही जाणकार सांगतात आणि काही जाणकार त्याला मज्जाव करतात. या वाक्यावर मी स्वतःच दोन मिनिटं हसलो होतो.

त्या दिवशी जेवताना मी हा मजकूर सुमनला वाचून दाखवला. ती ताटाकडे बघत होती. भाभींच्या बरणीतली शेवटची फोड माझ्या ताटात होती.

"झालं वाचून?" ती म्हणाली.

"हाव. कसा झालाय?"

"त्यात 'लाभत न्हाई' कुठंय?"

"तो मनाईचा शब्द नाही. 'लाभणे' म्हणजे मिळणे. धातू संस्कृत, लभ्..."

"कोर्टाची मनाई उठती. सरकारची बंदी उठती. तुमच्या घरचं 'लाभत न्हाई' छत्तीस वर्षांत उठलं न्हाई! मग मोठा शब्द कोणता झाला?"

मी फोड बाजूला ठेवली.

"माझ्या आईला जाऊन सात वर्षं झाली," सुमन म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "तिच्या हातची चव आता फक्त माझ्या हातात हाय. मी ती एकदाबी उतरवली न्हाई. माझ्यासंगं जाणार ती. तिच्या बरणीत तुम्ही बिलं भरून ठिवली."

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की माणूस मोठं बोलून बसतो.

"सुमन," मी उभा राहून म्हणालो, "मी अरबी शब्दाचं मूळ घरबसल्या काढतो. आपल्या घरच्या मनाईचं मूळ काढणं म्हणजे काय अवघड आहे? कारण सापडलं की त्यावर उतारा सापडतो. उद्याच काढतो!"

"काढा," ती म्हणाली. "पण न्हाई सापडलं तरी मी यंदा घालणार हाय. मग तुमच्या घराचं काय व्हायचं ते होऊ दे."

आता घराण्यात हे ठाऊक असणारं एकच माणूस उरलं होतं. माझी आत्या. वय ऐंशीच्या आसपास, मुक्काम शिरूर अनंतपाळ. कान कमी, जीभ शाबूत. दुसऱ्या दिवशी सकाळी वही, दोन पेनं आणि पिशवीत केळी घेऊन मी बसमध्ये बसलो. सोबत मनातल्या मनात लेखाचा शेवटही तयार केला: 'आणि अशा रीतीनं एका घराण्याच्या मनाईचा उगम प्रस्तुत लेखकानं शोधून काढला.'

आत्या ओसरीवर लसूण सोलत बसली होती. तिच्या कानाशी जाऊन मी ओरडलो, "आत्याबाई, आपल्याला लोणचं का लाभत नाही?"

आत्यानं लसूण खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. आणि तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली, की आतून सून पाणी घेऊन धावत आली.

"दिग्या," आत्या डोळे पुसत म्हणाली, "तू इचारून राहिलास? तू?"

"मग कोण विचारणार?"

"आरं, साठ वर्सं मी ही गोष्ट पोटात ठिवली. सासरा गेला, सासू गेली, मालक गेले. आता सांगायला हरकत न्हाई. बस खाली. वही काढ, लिव्ह."

मी वही काढली. पेन उघडलं. वर तारीखसुद्धा घातली!

"आपण तवा औशाला व्हतो," आत्या सांगू लागली. "मला बघाया हितलेच पाव्हणे येणार व्हते. तू लई वांड. मागच्या पाव्हण्यांच्या टोपीत तू चिखल भरला व्हतास, म्हून तुझ्या आज्जीनं तुला ताकीद दिली, पाव्हण्याम्होरं यायचं न्हाई. आन् तुला माळवदावर कोंडलं."

'मनाई क्रमांक एक,' मी वहीत लिहिलं.

"माळवदावर नव्या लोणच्याची बरणी उन्हाला ठिवलेली. तोंडाला फडकं बांधायचं राहून गेलतं. तू वर एकटा. खालून भज्याचा वास. तुला आला राग."

माझं पेन थांबलं.

"आत्याबाई," मी हळू म्हणालो, "मी काय केलं?"

"मुतलास की रं बरणीत!"

सून पाण्याचा तांब्या घेऊन तशीच आत पळाली. आतून तिच्या खोकल्याचा आवाज येत राहिला. तो खोकला नव्हता.

"मी पाच वर्षांचा असेन!" मी ओरडलो.

"चार. पाचव्याला अक्कल आली असती. पुढं ऐक. आज्जीला काय म्हाईत? वर आली, वाटीभर लोणचं काढलं, खाली जाऊन पंगतीत वाढलं. माझ्या सासऱ्यानं एक फोड तोंडात घातली. डोळे मिटले. म्हणले, 'वा! मीठ कसं मुरलंय!' दुसऱ्यांदा मागून घेतलं. आज्जी वाटी भरायला परत वर आली, तवा तू म्हणलास, 'आज्जे, म्या त्यात शू केली.'"

"मग आज्जीनं काय केलं?"

"काय करती? खाली सासरा म्हणून राहिला व्हता, 'ज्या घरचं लोणचं असलं, त्या घरची पोरगी कसली असंल!' सुपारी फुटली तिथंच. तुझ्यामुळं माझं लगीन जमलं, दिग्या. लई चांगला संसार झाला. त्याचं तुला पुण्य."

पुण्य वहीत कुठं लिहायचं ते मला कळेना.

"पण मग मनाई का?" मी विचारलं. शिक्षकाचा स्वभाव जात नाही.

"खरी कथा पुढंच हाय. दर उन्हाळ्यात सासऱ्याचा निरोप जायचा, 'विहीणबाई, ते तसलंच लोणचं धाडा.' आज्जी धाडायची. सासरा खायचा आन् म्हणायचा, 'छ्या! ती चव न्हाई.' तीन वर्सं! आज्जीनं कैरी बदलली, मोहरी बदलली, तेल बदललं. सासरा म्हणं, 'कायतरी कमी हाय.' आता काय कमी हाय ते आज्जी सांगू शकती का? का तुला पुन्हा माळवदावर पाठवती? शेवटी वैतागून तिनं निरोप धाडला, 'आमच्या घराला आता लोणचं लाभत न्हाई, घालायचं बंद केलं.' आन् एकदा सांगितलं म्हटल्यावर खरंच बंद करावं लागलं. घरच्यांनी इचारलं तर त्यांनाबी तेच सांगितलं. तुझ्या आईलाबी."

मी वही मिटली. आत्यानं मला जेवायला वाढलं. ताटात लोणचं होतं. मी ते खाल्लं नाही.

परतीच्या बसमध्ये माझी अवस्था बिकट होती. मूळ सापडलं होतं, पण ते माझ्या शेजारच्या सीटवर नव्हतं, माझ्याच सीटवर बसलं होतं! सुमनला सांगायचं काय? छत्तीस वर्षं तिच्या आईच्या बरणीत बिलं पडली, ती कोणा देवाच्या कोपानं नाही, तर माझ्या... जाऊ दे. लातूर येईपर्यंत मी एक साधू तयार केला. गोरा, उंच, भगवी कफनी. उतरताना त्याला एक चिमटाही दिला.

घरी पोचलो तर ओटा कैऱ्यांच्या फोडींनी भरला होता. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट असं सगळं परातीत मांडलं होतं. सुमन तेल गार करत होती आणि झुबेदाभाभी वेताचा बुटका मोडा ओढून त्यावर बसल्या होत्या. लाईटची बिलं जेवणाच्या टेबलावर गठ्ठा करून ठेवलेली होती.

"सापडलं का मूळ?" सुमननं विचारलं.

"सापडलं!" मी म्हणालो. "फार प्राचीन कथा आहे. एकदा एक साधू दारात आला..."

"कुठला साधू?"

"हिमालयातला. आज्जीनं त्याला लोणचं वाढायला उशीर केला. तो कोपला. म्हणाला, साठ वर्षं या घराला लोणचं लाभणार नाही."

"बाई गं! आन् साठ वर्षं यंदाच संपली का?"

"हाव! काय योगायोग बघ!"

"दिसायला कसा व्हता साधू?"

"गोरा. उंच. हातात चिमटा."

"चार वर्षांचा होता का?"

ओट्यावरचं तेलसुद्धा त्या क्षणी माझ्याहून गार नसेल. भाभींनी ओढणी तोंडात कोंबली होती.

"आत्याबाईंचा फोन आलता," सुमन म्हणाली. "तुम्ही त्यांच्या वसरीवरून उतरल्या उतरल्या. त्या हसतच होत्या, मला पाच मिनिटं कळलंच न्हाई काय झालं. मग मी बाजारात जाऊन कैऱ्या आणल्या."

"सुमन," मी म्हणालो, "चुकलं माझं."

"तेव्हाचं म्हणून राहिलात का आत्ताच्या साधूचं?"

"दोन्हीचं. आणि मधल्या छत्तीस वर्षांचंही. मी एकदा तरी विचारायला पाहिजे होतं."

तिनं बरणी पुढं ओढली, हाताला तेल लावून घेतलं आणि पहिली ओंजळ आत घातली. घालताना तिचे डोळे भरले. (तिखटानं, असं तिचं म्हणणं आहे.) भाभी म्हणाल्या, "मेथी जरा कम हुई," आणि दोघी हसायला लागल्या, आणि मग दोघी रडायला लागल्या. मी मध्ये उभा राहून फडकं धरलं होतं.

आता लोणचं मुरलंय. मुदखेडहून सुमनचा भाऊ आला, त्यानं पहिली फोड तोंडात घातली आणि बरणी उघडून आत नाक घातलं. मग म्हणाला, "आईचं हाय." एक बरणी हैदराबादलाही गेली. घरावर अजून तरी कसलं संकट आलेलं नाही.

फक्त बरणीला सुमननं एक कागद चिकटवलाय. तिच्या टपोऱ्या अक्षरात: 'दिगंबररावांना या बरणीजवळ एकटे थांबण्यास सक्त मनाई आहे.' येणारा प्रत्येक पाहुणा तो वाचतो, आणि आश्चर्यानं विचारतो की ही मनाई कशामुळं.

माझा लेखही छापून आला. 'मनाई'चं मूळ अरबी असल्याचं मी त्यात साधार सिद्ध केलं आहे. पण लातुरात आता या शब्दाचं मूळ विचारायला माझ्याकडे कोणी येत नाही. सगळे सुमनकडे जातात, आणि ती ते माळवदापासून सांगते.