कृष्णेला द्यायची रेकॉर्ड

"ती काळी बाई घरात आल्यापास्नं म्हशीनं पान्हा चोरलाय बघा," मामी शेजारच्या काकूंना हळू आवाजात सांगत होती. मी खिडकीच्या आत पुस्तक उघडून बसले होते. बराच वेळ तेच पान समोर होतं.

काळी बाई म्हणजे एका लाँगप्ले रेकॉर्डच्या कव्हरावरचं चित्र. मोकळे केस, काळे कपडे, हातात मेणबत्ती. मामेभाऊ फौजेत होता; मी त्याला दादा म्हणायचे. आठवड्यापूर्वी तो सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत बॅटरीवर चालणारा प्लेअर आणि ही रेकॉर्ड होती. सगळ्यांना वाटलं, त्याचाच शौक.

ती मी मागवली होती. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, आणि मी सांगलीला मामाकडे राहून कॉलेज करत होते. शाळा साताऱ्याची, इंग्रजी माध्यमाची. मामीसमोर माझं मराठी पुस्तकी व्हायचं, मग मी बोलायचंच टाळायचे. कॉलेजच्या वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं, की विलायतेत कारखान्यांच्या गावातली पोरं गिटार फार जड आणि संथ वाजवू लागलीत, आणि जाणकार त्याला गोंगाट म्हणतात. त्या संगीताला अजून धड नावही नव्हतं. वाचल्यापासून मला चैन पडेना. दादाला इंग्रजीत पत्र लिहिलं, कारण घरात ते दुसऱ्या कुणाला वाचता आलं नसतं.

रेकॉर्ड एकदाच ऐकली, तीही अर्धी. दुपारी मामा-मामी मळ्यात गेले होते. चरकात एकदम जास्त ऊस सारला की गुऱ्हाळ कण्हतं, तशी ती गिटार सुरू झाली. मला बसवेना. वेणीचं टोक दातात धरून मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिले. तेवढ्यात मामी परतली. आधी तिला आवाज ऐकू आला, मग कॉटवरचं कव्हर दिसलं. दुसऱ्या दिवशी म्हशीनं निम्मंच दूध दिलं.

भंगलेली मूर्ती, फाटलेला देवाचा फोटो, जे घरात ठेवता येत नाही आणि जाळताही येत नाही, ते आमच्याकडे कृष्णेला देतात. शुक्रवारी मामीनं रेकॉर्ड कव्हरासकट लाल फडक्यात बांधली. वर हळद-कुंकू, आत लिंबू.

"आगं आई, म्हस गाभण हाय. आटणारच की," दादा हसत म्हणाला.

"गप रं. मिल्ट्रीत ह्येच शिकवत्यात व्हय? म्हशीचं ऱ्हाऊ दे, घरात तरणी पोर हाय. तिच्या कानावर कशाला पायजे असलं?"

मामा पानाला चुना लावत होता. "दिऊन टाक गड्या नदीला. आईम्होरं काय चालणार हाय तुझं?"

दादानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी पदराचा काठ बोटाला गुंडाळत होते. तो म्हणाला, "बरं. चुकलं माझं. न्हाई आणायचो परत."

घाटावर मामी पुढे, मी मागे. दादा बूट हातात घेऊन वरच्या पायरीवर थांबला. नावेची वाट पाहणारी माणसं आमच्याकडे बघत होती. माझा एक पाय ओल्या पायरीवर, एक कोरड्या. मला वाटलं, तोच काहीतरी बोलेल. मग आठवलं, त्याचं बोलून झालंय, आणि तेही माझ्या वाटणीचं.

मामी पाण्यात उतरली. लुगड्याचा ओचा वर खोवून तिनं फडकं कपाळाला लावलं आणि डोळे मिटले. मामीनं हात लांब केले.

"मामी, थांबा. दादाची नाही ती, माझी आहे. मीच पत्र लिहून मागवली. आणि अर्धी ऐकायची राहिलीय माझी."