नऊ नंबरचे बूट

सातपूरच्या एका कारखान्याची बाग आमची कंपनी राखते. तिथे काम करायचं ते बायकांनी आणि त्यांच्यावर ओरडायचं ते मी, अशी वाटणी आहे. मी बुद्धभूषण, तिथला सुपरवायझर. पण कुसाबाईवर ओरडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती मान हलवते, "बरोबर हाय भूषणभाऊ," म्हणते आणि जे करत होती तेच करत राहते.

कुसाबाई पन्नाशीची, मूळची सिन्नरकडची, अंगाने काटकुळी. तण काढताना तिचं खुरपं असं चालतं की शेजारच्या गुलाबालाही पत्ता लागत नाही. कुणाची सून कशी आणि कुणाचा जावई काय खातो, हे सगळं तिला तोंडपाठ. दुपारी डबा उघडला की आधी अर्धी भाकरी दुसऱ्याच्या हातात जाते, मग उरलेली तिच्या तोंडात. पुढचा सगळा घोळ या सवयीनेच झाला.

गेल्या वर्षी कंपनीने प्रत्येकीला सुरक्षेचं किट दिलं: गमबूट, हातमोजे, चष्मा आणि हेल्मेट. आमचं काम दिसतं हिरवंगार, पण गवत कापायचं यंत्र चालू झालं की खडे उडतात, फवारणीचं औषध डोळ्यांत जातं, वरून वाळक्या फांद्या पडतात. आदल्या पावसाळ्यात कुसाबाईच्या तळपायात बाटलीची काच घुसली होती. ती पायाला फडकं बांधून संध्याकाळपर्यंत खुरपत बसली. मी पाहिलं तेव्हा फडकं लाल झालं होतं. त्या दिवशी मी इतका ओरडलो की गेटवरचा वॉचमन काठी घेऊन धावत आला. त्यामुळे किट आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला.

आनंद आठवडाभर टिकला. मग बायका पुन्हा चपलांवर. "किट कुठाय?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "धुवायला टाकलंय." हेल्मेट धुवायला टाकणाऱ्या बायका मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिल्या.

अशात कारखान्यात तेजल मॅडम नावाच्या नवीन सेफ्टी ऑफिसर आल्या. वयाने लहान, पण नजर घारीची. शनिवारी त्यांनी फर्मान काढलं: सोमवारी तपासणी, ज्याच्या अंगावर पूर्ण किट नाही त्याने या साइटवर पाय ठेवायचा नाही. आमच्या कंपनीच्या दुसऱ्या कुठल्या साइटवर जागा नव्हती. साइट सुटली म्हणजे घरी बसायचं.

बाकीच्या निवांत होत्या. कुसाबाई मात्र माझ्याजवळ आली. "भूषणभाऊ, माझं किट गोळा करायला लागंल."

"गोळा? म्हणजे आहे कुठे?"

मग लेकी कुठे कुठे दिल्या ते सांगावं, तसं तिने सांगायला सुरुवात केली. गमबूट सिन्नरला, तिचा धाकटा भाऊ गोरक्ष याच्याकडे. शेतात वीज रात्रीची येते, कांद्याला पाणी अंधारात द्यावं लागतं आणि बांधावर साप निघतात. चष्मा सून निकिताकडे. ती एका मिसळवाल्याला कांदा चिरून देते, पाट्याच्या पाट्या. हातमोजे नवऱ्याकडे. रंगनाथ त्र्यंबक रोडला गाडीवर कणसं भाजतो.

"आणि हेल्मेट?"

कुसाबाईने पदर नीट केला. "शेजारच्या भागीबाईची कोंबडी खुडूक झालीय. अंड्यांवर बसलीय त्याच्यात."

"मावशी, ते किट कंपनीने तुम्हाला दिलं होतं!"

"मंग! माझंच हाय ना ते? माझ्याच माणसांना दिलं. भंगारात नाय घातलं."

मी कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणालो, सोमवारी सकाळी चारही वस्तू अंगावर पाहिजेत.

रविवार तिचा वसुलीत गेला. रंगनाथ म्हणाला, मोजे नेलेस तर मी कणसं काय चिमट्याने भाजू? निकिताने चष्मा दिला, पण मिसळवाल्याचा कांदा होईपर्यंत थांबवून. गोरक्षने फोनवर कबूल केलं की बूट सोमवारी पहिल्या जीपने पाठवतो, रात्री पाणी द्यायचंय. कोंबडीने काहीच कबूल केलं नाही. तिला उठवताना भागीबाईच्या मनगटाला चोच बसली आणि शेजार थोडक्यात तुटता तुटता वाचला.

सोमवारी बायका लॉनच्या कडेला रांगेत उभ्या राहिल्या. बाकीच्यांचं किट असं लखलखत होतं की कालच दुकानातून आणलंय असं वाटावं. यशोदाबाईच्या हेल्मेटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. राखीच्या मोज्यांना किमतीची चिठ्ठी लोंबत होती.

"हे रोज वापरता?" तेजल मॅडमनी विचारलं.

"रोज, म्याडम," यशोदाबाई म्हणाली. तिच्या डोक्यावर प्लास्टिक कुरकुरलं.

मॅडमनी त्या प्लास्टिककडे एक नजर टाकली. अशा त्या एकेक करत कुसाबाईपाशी आल्या आणि थांबल्या. बूट नडग्यांपर्यंत चिखलाने माखलेले. मोज्यांची बोटं काळी पडलेली. हेल्मेटला चरे, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली.

"वा!" मॅडम म्हणाल्या. "याला म्हणतात वापरलेलं किट. मावशी, मोजे इतके काळे कशाने?"

"ऊन लय असतं ना बाई."

मी मोठ्याने खोकलो. मॅडमनी तिचा चष्मा हातात घेऊन डोळ्यांना लावून पाहिला, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. निकिताच्या कांद्याचं काम होतं ते. पण मॅडमना डोळे पुसताना पाहून रांगेतल्या दोघीतिघी उगाचच गहिवरल्या. मग हेल्मेटच्या कडेला अडकलेलं पीस मॅडमनी चिमटीत धरलं.

"झाडाखालचं काम," कुसाबाई म्हणाली. "पाखरं येतात."

मॅडम खूश झाल्या. या मावशींचा फोटो नोटीस बोर्डवर लावायचा, सगळ्यांना कळू दे. त्यांनी मोबाइल काढला. "मावशी, जरा चालत या माझ्याकडे."

कुसाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. ती निघाली. लॉनला नुकतंच पाणी दिलेलं होतं. दुसऱ्याच पावलाला एक बूट चिखलात रुतून तिथेच उभा राहिला आणि कुसाबाईचा पाय त्यातून निघून पुढे गेला. एवढ्या मोठ्या बुटातून एवढासा पाय. ती तो पाय वर धरून सावरली, तेव्हा तळव्यावरचा काचेचा व्रण सगळ्यांना दिसला.

पितळ उघडं पडलं होतं. आता काही लपवण्यात अर्थ नाही हे तिला माझ्याआधी कळलं.

"नंबर नऊचा हाय बाई. माझा पाय चारचा. घालून खुरपायला बसले तर मीच पडते. भावाला बरोबर बसले, त्याला दिले." मग तिने कणसं, कांदा, कोंबडी, सगळं सांगून टाकलं. सांगून झाल्यावर हेल्मेट काढून हातात घेतलं आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आता घरी बसवा, पण भावाचे बूट तेवढे परत न्यू द्या. आज रात्री पाणी हाय त्याचं."

मला तर तिचा रागच आला. या बाईला स्वतःची नोकरी जातेय त्याचं नाही, भावाच्या बुटाचं पडलंय!

तेजल मॅडमनी चिखलातला बूट उपसला, उलटा करून नंबर वाचला आणि माझ्याकडे वळल्या. "सगळ्यांना नऊच?"

"ऑफिसातून एकाच मापाचं खोकं येतं," मी म्हणालो. "मी तीनदा कळवलं. माळी म्हणजे बाप्याच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलंय."

"जो बूट बसत नाही तो दिलाच नाही, असं मी धरते. नापास तुमची कंपनी आहे, मावशी नाहीत." मग रांगेकडे पाहून त्या कडाडल्या, "आणि ते प्लास्टिक आधी काढा!"

मापाचे बूट येईपर्यंत कुसाबाईला लॉनवर जायची बंदी झाली. ती शेडमध्ये कुंड्या भरत बसली. सिन्नरचे बूट त्याच संध्याकाळच्या जीपने सिन्नरला गेले.

बायकांच्या मापाचं खोकं आलं तेव्हा मी तिची जोडी आधी काढून दिली. तिने बूट हातात फिरवून पाहिला, आत मूठ घालून पाहिली आणि तिचा चेहरा पडला.

"असले कसले एवढुसे आणले? गोरक्षला व्हायचे नाय, आमच्या मालकाला व्हायचे नाय. निकिताचा पायसुद्धा सहाचा हाय. आता हे द्यायचे कोणाला?"

"कोणाला नाही. तुम्ही घाला."

तिने मान हलवून "बरोबर हाय भूषणभाऊ" म्हटलं नाही.

"मीच?" तिने विचारलं.

मग ती पायरीवर बसली, पदराने तळवे पुसले आणि बूट घातले.