सात नंबरच्या गाडीला हार

नगरपालिकेच्या गॅरेजात सहज डोकावलो आणि चक्रावूनच गेलो. सात नंबरची घंटागाडी भंगारात निघाली होती. ती वर्षानुवर्षं चालवणारे बबनराव झेंडूचा हार घेऊन निरोपाला आले होते.

"घालू का हार?"

मिस्त्री कचरले. "बबनराव, हिचं इंजिन चार नंबरात आहे. दरवाजे नऊला लावलेत, घंटा बाराला." नवा भाग येईपर्यंत उभ्या गाडीचा काढून धावत्या गाडीला लावायचा, ही इथली जुनी रीत.

"मग ही कोण?"

"चाकं पाण्याच्या टँकरची, सीट रुग्णवाहिकेची."

"अहो, माझी गाडी गेली की आहे, ते तरी सांगा!"

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. मीही खाजवलं. माझं नाक आत्याचं, राग वडिलांचा, विनोद गावभरातून उचललेले. उद्या मला भंगारात काढलं, तर नक्की कोण जाणार?

बबनरावांनी हार सोडला. चारच्या बॉनेटवर, नऊच्या दारांवर, बाराच्या घंटेवर फुलं वाहिली. हातात नुसता दोरा उरला, तो घेऊन ते सातकडे परतले.

"स्टिअरिंग तरी हिचंच ना?"

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हो, हिचंच," ते म्हणाले आणि उगाच पाना शोधू लागले.