एक डोळा मालकावर

इंदूबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या, तेव्हा त्यांनी मला डोळा मारला.

मी चोवीस वर्षांचा, अविवाहित, पुण्याहून कामगार कायद्याची पदविका घेऊन महाडात नुकताच उतरलेला. बाई पन्नाशीच्या, आणि डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्याफटक. पोलादपूरच्या रस्त्याला दगड दळून त्याची पावडर करायचा एक कारखाना होता. गाव त्याला ‘पिठाची गिरणी’ म्हणे. रंगवाले, साबणवाले ती पावडर नेत. यंत्राच्या तोंडाशी पोती लावून भरायची आणि शिवायची, हे काम बायकांकडे. त्यामुळे सुटी झाली की फाटकातून भुतांची वरात बाहेर पडायची. त्यातलंच एक भूत माझ्या टेबलासमोर येऊन म्हणालं, “नवा सायेब तूच काय रे?” आणि डावा डोळा मिटला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र दुपारनंतर उजवा डोळा मिटला. आता हे प्रकरण हाताबाहेर चाललंय असं वाटून मी स्टोअर सांभाळणाऱ्या हसनभाईंना गाठलं आणि आवाज खाली आणून म्हटलं, “त्या तुडील गावच्या इंदूबाई... जरा वेगळ्या वाटतात.” हसनभाईंनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. मग ते स्टोअरच्या दारात गेले आणि यंत्राच्या वर आवाज काढून ओरडले, “अगो इंदूबाय, सायबाला वाटतंय तू त्याला डोळा मारतंस!”

बायका हसल्या ते यंत्र चालू असतानाही ऐकू आलं. इंदूबाई हात झटकत आल्या. “अरे माझ्या पोराच्या वयाचा तू. तुला डोळा मारून मी काय तुझी आमटी करू?” मग त्यांनीच सांगितलं. “पावडर उडते तवा एक डोळा मिटायचा. जेवनापत्तर डावा, जेवनानंतर उजवा. एक गेला तर एक रहातो. आता सवयच लागली. घरी भाकरी थापताना पन मिटतो मेला.”

कारखान्यात आलेल्या प्रत्येक नव्या पोरीला त्या हीच विद्या पहिल्या दिवशी शिकवत, आणि वर एक वाक्य ठरलेलं असे, “एक डोळा कामावर, एक मालकावर. दोनी कामावर ठेवशील तर मरशील गो.”

माझी नेमणूक खरं तर टाइमकीपर म्हणून होती. पण मी स्वखर्चाने ‘लेबर ऑफिसर’ अशी पाटी रंगवून टेबलावर ठेवली होती. मॅनेजर कर्णिकसाहेबांनी ती दुसऱ्याच दिवशी उलटी करून मागच्या बाजूला ‘येथे थुंकू नये’ असं लिहून घेतलं. ऑफिसात अशी किंमत झाल्यावर मी श्रोते दुसरीकडे शोधले. जेवणाच्या सुटीत बायका बदामाच्या झाडाखाली बसत, तिथे जाऊन मी कायदा सांगू लागलो. इंदूबाई भाकरीवर सुक्या जवळ्याची चटणी घेऊन बसल्या की म्हणत, “हां, काढ रे तुझी पोथी.”

एकदा मी रंगात येऊन सांगितलं, “ज्या कामात डोळ्यांना इजा होण्याचा संभव असतो, तिथे मालकाने चष्मे पुरवणं बंधनकारक आहे.”

“बंधनकारक म्हंजे?”

“म्हणजे द्यायलाच हवेत.”

“मग कुटं हायत?”

“त्याचा... विचार चालू आहे.”

“विचार चालू, मशीन चालू, चष्मा तेवडा बंद,” इंदूबाई म्हणाल्या आणि बोटं चाटली. बायकांनी मान डोलावली. कीर्तन संपलं.

पण एक गोष्ट त्या मला पुन्हा पुन्हा सांगायला लावत. कारखान्यात काही जणी कायम होत्या, म्हणजे त्यांना सहजासहजी काढता येत नसे आणि आजारपणात रजा मिळे. बाकीच्या तात्पुरत्या. तात्पुरत्या बाईचे सलग ठरावीक दिवस भरले की तिला कायम करावं लागतं, म्हणून ते भरत आले की तिला घरी पाठवायचं आणि थोड्या दिवसांनी नवी म्हणून परत घ्यायचं. ह्याला सगळीकडे ‘ब्रेक’ म्हणत. त्या वर्षी मालाला मागणी इतकी होती की ब्रेक द्यायला सवडच झाली नव्हती. सात-आठ पोरी दिवाळीच्या आत कायम होणार होत्या. त्यांतली कमळ वरंधची. नवऱ्याने टाकलेली, महाडात मामाकडे राहणारी. मामी तिला रोज विचारी, “कायम कवा होनार गो?” त्याचा अर्थ, आमच्या घरातून कवा जानार. इंदूबाईंनी तिला एका बाजूला आपल्यापाशी बसवायचं आणि मला म्हणायचं, “परत सांग रे ते सलग दिवसांचं. हिला ऐकून बरं वाटतं.”

आणि अशात डोळ्यांची साथ आली.

तशी साथ मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. मुंबईहून बातमी आली तेव्हा आम्ही हसलो. आठवड्यात निम्मं महाड काळा गॉगल लावून फिरू लागलं. भाजीवाली गॉगल लावून मेथी निवडतेय, आमच्या गल्लीतले शिंपीमास्तर गॉगल लावून काजं करताहेत. सिनेमातल्या सगळ्या खलनायकांनी एकदमच आमच्या गावात मुक्काम टाकला होता.

कर्णिकसाहेबांनी मला बोलावून विचारलं, काय करावं? आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी सल्ला विचारत होतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, “ज्यांचे डोळे आलेत त्यांना घरी ठेवावं, साहेब. साथ पसरणार नाही.” माझ्या मनात रजा होती. साहेब खुर्चीत मागे रेलले. “उत्तम! कायम असेल तिला रजा. तात्पुरती असेल तिचं नाव कमी. बरी झाली की नवी म्हणून घेऊ. साथही थांबेल, ब्रेकही होईल. हुशार आहात हो तुम्ही!”

ती शाबासकी मी घरी घेऊन गेलो. खानावळीत पहिला घास हातात घेतला आणि तो तिथेच राहिला. मी काय करून बसलो होतो ते तेव्हा डोक्यात शिरलं.

सकाळी धावत जाऊन सांगितलं, “साहेब, आजारी म्हणून नाव कमी करणं कायद्यात बसत नाही.”

“साथीत कसला कायदा?” ते म्हणाले. “आधी जीव, मग कायदा. आणि तुम्ही फाटकावर उभे राहून डोळे तपासा. कल्पना तुमचीच आहे.”

तेव्हापासून रोज सकाळी फाटकावर उभं राहून बायकांच्या डोळ्यांत बघणं हे माझं काम झालं. डोळा मारला म्हणून तक्रार करणाऱ्या माणसाला ह्याहून योग्य शिक्षा नव्हती. मला लाल डोळा दिसतच नसे. मी कमळच्या डोळ्यांऐवजी तिच्या कानाकडे बघून “पुढे” म्हणायचो. पण साहेबांनी वरच्या खिडकीतून बघून दोन पोरींना परत पाठवलंच. त्या दोघी रस्त्यापलीकडे बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या.

मग एका सकाळी सगळ्या बायका गॉगल लावून आल्या. सगळ्या! हसनभाईंचा मेहुणा मस्कतला होता. तो येताना गॉगलांची एक पेटीच घेऊन आला होता, आणि ती इंदूबाईंनी आदल्या संध्याकाळी उघडायला लावली होती. नऊवारी, डोक्यावर फडकं, हातात डबा आणि डोळ्यांवर सोनेरी दांडीचा मस्कती गॉगल. कोणाचे डोळे आलेत आणि कोणाचे नाहीत हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. सर्वांत पुढे इंदूबाई. त्यांचे डोळे ठणठणीत होते, हे मला ठाऊक होतं.

“तपास रे सायबा,” त्या म्हणाल्या. “दिसतं काय कंचा लाल हाय?”

मी हसलो. खरं सांगतो, मनापासून हसलो. तेवढ्यात साहेब खाली आले.

“गॉगल काढा.”

“काढतो की,” इंदूबाई म्हणाल्या. “पन सायेब, कायद्यात म्हनं डोळ्याला चष्मा द्यायला लागतो. बंधनकारक. तुम्ही नाय दिला, आमी आनला. ह्यो पोरगाच सांगत होता.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बदामाच्या झाडाकडे पाहिलं.

“चष्मा मशीनपाशी. फाटकात नाही. काढा!”

गॉगल निघाले. कमळचे दोन्ही डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे झाले होते. ती पदराच्या टोकाने सारखी पाणी टिपत होती. साहेब एक पाऊल मागे सरले. “हिचं नाव कमी करा. लांब हो गं, तिकडे नालीपाशी उभी राहा. आणि हिने पाणी प्यायलेला पेला वेगळा ठेवा.”

कमळ नालीपाशी गेली. आजूबाजूच्या बायका आपोआप बाजूला झाल्या.

“वेगळा पेला,” इंदूबाई हळूच म्हणाल्या, आणि हसल्या. ते हसणं नेहमीचं नव्हतं. “सायेब, लांब उभं रहायचं काय नि वेगळा पेला काय, ते ह्या महाडात मला विचारा. माझ्या बापाला विचारायला हवं होतं, पन तो गेला.”

मग त्या चालत नालीपाशी गेल्या. कमळच्या हातातलं पदराचं ओलं टोक त्यांनी काढून घेतलं. मला वाटलं, तिचे डोळे पुसताहेत. त्यांनी ते टोक नीट दुमडलं आणि स्वतःच्या डोळ्यांतून फिरवलं. आधी डावा. मग उजवा. घाईने नाही, लहान मुलाला काजळ घालावं तसं, कडेपासून कडेपर्यंत.

मी फाटकाचा गज धरला.

“घ्या,” इंदूबाई म्हणाल्या. “आता माजे पन आले. मी कायम हाय. नाव कमी करायचं तर माजं पन करा. नायतर हिचं पन राहू द्या. साथ एक, तर नियम पन एक.”

“अहो, वेड लागलंय का तुम्हाला?” साहेबांचा आवाज फुटला.

दुसरी एक कायम बाई गॉगल खिशात घालावा तसा कमरेला खोचून पुढे निघाली होती. तिच्यामागे तिसरी. साहेबांनी त्यांना कमळचा पदर गाठू दिला नाही. “थांबा! थांबा म्हणतो ना! सगळ्या घरी जा. आठ दिवस. नावं राहतील.” आणि माझ्याकडे वळून, “त्या परत पाठवलेल्या दोघींनाही कळवा.” मग ते वर गेले. जाताना त्यांनी कठड्याला हात लावला नाही.

त्या दिवशी मी हसनभाईंकडे साखर घालून तीन कप चहा प्यायलो. “बाय लय जब्बर,” हसनभाई म्हणाले, आणि मग एवढंच, “पन डोळा हाय तो. खेळ नाय.”

साथ बहुतेकांची आठवड्यात उतरली. माझे डोळे सगळ्यांत शेवटी आले आणि मी कोणाचीही सहानुभूती न मिळवता ते बरे केले. पण आठ दिवस पुरे व्हायच्या आत मालाचे ट्रक खोळंबले, आणि साहेबांनी कायम बायकांना परत बोलावलं. इंदूबाई डोळे लाल असतानाच आल्या. मी म्हटलं, “जाऊ नका मशीनवर, रजा आहे तुमची.” त्या म्हणाल्या, “आता नाय गेलो तर म्हनतील संप केला. मग तुजी पोथी फिरवतील आमच्यावरच. पोरींची नावं राहू देत.” गॉगलाच्या फटीतून पावडर जायची ती गेलीच. मी टेबलापाशी बसून ते बघत होतो आणि पुढे काय होईल ह्याची मला जराही कल्पना आली नाही. पदविकेत ते नव्हतं.

मग त्या बरेच दिवस आल्या नाहीत. महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलंय, असं ऐकलं.

दसऱ्याच्या सुमाराला एक दिवस त्या माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. डावा डोळा मिटलेला. मला इतका आनंद झाला की मी माझ्या स्वभावाला जागलो. “काय इंदूबाई, किती दिवसांनी डोळा मारलात!”

त्यांनी डोळा उघडला.

आत बुबुळ नव्हतंच. त्याच्या जागी फूल पडलं होतं, पांढरं, आमच्या पावडरीच्या रंगाचं. मी उठून उभा राहिलो, बसलो, पुन्हा उठलो. माझी खुर्ची मागे पडली. कारखान्यातल्या एवढ्या पावडरीत माझ्या मनात मूर्खासारखा एकच विचार आला, की हे पुसता येईल.

“गप बस,” इंदूबाई म्हणाल्या. “एक गेला तर एक रहातो, म्हनलं नव्हतं? आता सांग. कमळ कायम कवा?”

कमळ दिवाळीच्या आधी कायम झाली. त्या दोघी परत पाठवलेल्या पोरीही झाल्या. मामीने कमळला लाडू केले म्हणे. इंदूबाईंच्या डोळ्याचं काय, असं मी मालकांपर्यंत जाऊन विचारलं. उत्तर मिळालं की साथ ही साथ आहे, तिचा कारखान्याशी संबंध नाही, आणि बाईंनी तो आजार आपल्या हाताने लावून घेतल्याचं सगळ्यांनी पाहिलं आहे. हे ऐकून मी पुन्हा एकदा हबकलो. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

पुढे कधीतरी तपासणीचे अधिकारी येऊन गेले आणि बायकांना चष्मे मिळाले. इंदूबाईंनी आपला परत केला. “एका डोळ्याला दोन काचा कशाला? अर्धा नव्या पोरीला द्या.” हसनभाईंनी तो तसाच त्यांच्या नावाने फळीवर ठेवून दिला.

मी नंतर पोलादपूरला एका वकिलांच्या हाताखाली लागलो. दोन-तीन वर्षांनी कमळ दारात आली. इंदूबाई गेल्या होत्या, तुडीलला, आपल्या घरात, तापाने. मी पोचेपर्यंत सावित्री नदीच्या काठावर सगळं आटोपलं होतं. बायका ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून कमळ जागा करून देत म्हणाली, “शेवटी मीच होतो जवळ. डोळे मिटायला हात लावला. आंधळा लगेच मिटला.”

“आणि दुसरा?”

“मिटेना,” कमळ म्हणाली. “दोनदा मिटला, दोनदा उघडला.” तिने पदराचं टोक हातात घेतलं, दुमडलं आणि तसंच धरून ठेवलं. “मग मी म्हनलं, राहू दे. मालकावरचा असंल.”